"नुसतं बसवून ठेवलंय" असं पोलीस म्हणाले तर: पहिल्या २४ तासांत घरच्यांनी काय काय करायचं

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी आत्याचा फोन आला. आत्तेभावाला कामावरून पोलीस घेऊन गेले होते. दोन माणसं आलेली, साध्या कपड्यात, "साहेबांनी चौकशीला बोलावलंय, अर्ध्या तासात परत येईल" एवढंच सांगितलं आणि गाडीत बसवून नेलं. अर्धा तास गेला, चार तास गेले, अंधार पडला, आम्ही ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसून, आणि कुणालाही विचारलं की उत्तर एकच, "अटक नाही हो केलेली, नुसतं बसवून ठेवलंय." दुसऱ्या दिवशी कोर्टात कागद बघितले तर अटकेची वेळ लिहिलेली रात्री ९.४०. नेलं होतं सकाळी ११ ला. मधले साडेदहा तास कागदावर नव्हतेच कुठे.

त्या साडेदहा तासांत आपण काय करू शकतो हे आमच्यात एकालाही माहीत नव्हतं, घरात दोन ग्रॅज्युएट आणि एक मास्तर असूनसुद्धा. नंतर मी तालुका विधी सेवा समितीमार्फत (कोर्टातली, फुकट कायद्याची मदत देणारी समिती) पॅरा लीगल व्हॉलंटियरचं, म्हणजे वकील नसून कायद्याची प्राथमिक मदत करणाऱ्याचं, ट्रेनिंग घेतलं, आणि आता महिन्यातून दोनतीन फोन तरी असे येतातच, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. मी वकील नाहीये. केस कशी लढवायची ते वकील बघेल. हे फक्त पहिल्या २४ तासांचं आहे, कारण तेव्हा वकील बहुतेक वेळा पोचलेलाच नसतो आणि जे काय करायचं ते घरच्यांनाच करावं लागतं.

आधी हे २४ तास आले कुठून ते सांगते. संविधानाचं कलम २२ म्हणतं की अटक केलेल्या माणसाला कारण सांगायचं, त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय २४ तासांच्या पुढे एक तास पण ठेवता येत नाही. हे कलम मूळ मसुद्यात अशा रूपात नव्हतं. जगण्याच्या हक्काच्या कलमात, म्हणजे आत्ताच्या २१ मध्ये, "कायद्याने ठरवलेली पद्धत" एवढेच शब्द राहिले होते आणि त्यावर संविधान सभेतले बरेच लोक नाराज होते, स्वतः बाबासाहेबसुद्धा. मग १५ सप्टेंबर १९४९ ला त्यांनी हे नवीन कलम मांडलं, तिथे जे कमी पडलं त्याची भरपाई म्हणून. मला हे ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच भरून आलं होतं, कारण आत्याच्या बाकावरच्या त्या रात्रीचा विचार कुणीतरी इतकी वर्षं आधी करून ठेवला होता आणि आम्हाला तो वापरता आला नाही.

आता एकेक पायरी घेऊ.

सगळ्यात आधी वेळ लिहा

नेलं की लगेच. रडारड नंतर. कुणी नेलं, किती वाजता, कुठून, गाडीचा नंबर, गाडीवर काय लिहिलं होतं, नेणाऱ्यांनी कुठल्या ठाण्याचं नाव घेतलं, हे सगळं टाइप करून घरातल्या दोनतीन जणांना व्हॉट्सॲपवर पाठवा. मेसेजवर वेळ आपोआप पडते आणि ती नंतर कुणाला मागेपुढे करता येत नाही. शक्य असेल तर ११२ ला पण फोन करून सांगा की अमुक माणसाला अमुक जागेवरून साध्या कपड्यातल्या लोकांनी नेलंय, ते पोलीस आहेत का आणि कुठे नेलंय ते कळवा. भांडायचं नाही, विचारायचं फक्त. त्या कॉलची नोंद राहते.

आमच्या केसमध्ये हे कुणी ठरवून केलं नव्हतं, पण आत्तेभावाच्या सोबत काम करणाऱ्या पोरानं ११.०७ ला ग्रुपवर टाकलं होतं "ह्याला पोलिसांनी नेलं रे". तो एक मेसेज पुढे उपयोगी पडला.

अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी स्पष्ट दिसेल अशी हवी, हे कायद्यात लिहिलंय. जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, तिचं कलम ३६ बघा (पुढे नुसतं कलम म्हटलं की ह्याच संहितेचं). नाव दिसत नसेल तर शांतपणे "साहेब, आपलं नाव काय, कुठल्या ठाण्याचे" असं विचारायला काहीच हरकत नाही.

मग ठाण्यात जा आणि एकच प्रश्न विचारा

"अटक केलीय का? केली नसेल तर मी ह्याला घरी नेऊ का?"

हाच प्रश्न, ह्याच शब्दात. कारण "बसवून ठेवणं" अशी तिसरी अवस्था कायद्यात नाहीच. एक तर माणूस मोकळा आहे, उठून जाऊ शकतो, नाहीतर तो अटकेत आहे आणि घड्याळ सुरू झालंय. मुंबई हायकोर्टानं १९९० मध्येच अशक हुसेन केसमध्ये सांगितलंय की अटक सुरू होते ती माणसाचं हिंडणंफिरणं बंद केल्यापासून, अधिकाऱ्यानं कागदावर जी वेळ टाकली तिच्यापासून नाही. म्हणजे ११ ला नेलं तर २४ तास ११ पासून मोजायचे, ९.४० पासून नाही. ह्या एका गोष्टीसाठी वर वेळ लिहायला सांगितली.

विचारताना ठाणे अंमलदाराला विचारा, दारातल्या शिपायाला नाही. आवाज चढवू नका, व्हिडिओ काढत आत शिरू नका, त्यानं नवीन भानगड उभी राहते आणि मूळ माणूस बाजूलाच राहतो. ते "माहीत नाही, इथे नाहीये" म्हणाले तर जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन करा. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात एएसआयच्या (सहायक फौजदाराच्या) खालचा नाही असा एक अधिकारी अटकेतल्या लोकांची माहिती ठेवायला नेमलेला असायला हवा, आणि कुणाला पकडलंय, कशासाठी, हे फळ्यावर दिसायला हवं. फळा भरलेला असेलच असं नाही पण विचारायचा हक्क तुमचा आहे.

कशासाठी बोलावलंय ते ओळखा

पोलिसांचं बोलावणं तीन प्रकारचं असतं आणि लोकांचा गोंधळ इथेच जास्त होतो.

साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर कलम १७९. लेखी बोलावणं हवं. बाई असेल, १५ च्या आतला मुलगा असेल, ६० च्या वरचा पुरुष असेल, अपंग किंवा खूप आजारी माणूस असेल तर त्यांना ठाण्यात यायची सक्तीच करता येत नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. हे इतक्या कमी लोकांना माहितीये की मला दर वेळी आश्चर्य वाटतं, म्हाताऱ्या आजीला रिक्षात घालून ठाण्यात आणलेलं मी स्वतः बघितलंय.

संशयित म्हणून बोलावलं पण अटक करायची गरज नाही, तर कलम ३५ ची नोटीस. जुने लोक हिला अजून ४१ ए ची नोटीस म्हणतात. ही आली तर घाबरून गायब होऊ नका. दिलेल्या तारखेला हजर राहिलात, सहकार्य केलंत, तर त्या गुन्ह्यात तुम्हाला अटक करायची नाही असा नियम आहे, आणि करायचीच असेल तर का गरज आहे ते अधिकाऱ्यानं लिहून ठेवावं लागतं. नोटीस टाळली की हे संरक्षण तुम्हीच घालवता. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार केसमध्ये बजावलंय. आणि जानेवारी २०२५ मध्ये असंही सांगितलंय की ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही. शिवाय शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल आणि माणूस ६० च्या वरचा किंवा आजारानं खंगलेला असेल तर डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) आधीच्या परवानगीशिवाय अटक नाही.

तिसरा प्रकार म्हणजे थेट अटक. त्याचं खाली लिहिते.

आणि हे वेगळं सांगते कारण गेल्या वर्षभरात दोन घरं ह्यात लुटलेली बघितलीत: व्हिडिओ कॉलवर युनिफॉर्ममधला माणूस "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, पैसे टाका" म्हणतो, ते सरळ लुटारू आहेत. फोनवर अटक होत नाही. कॉल कट करा, १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या नंबरवर तक्रार करा, पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला.

अटक झाली तर कुठले कागद बघायचे

१९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून डी. के. बसू नावाच्या लीगल एडचं काम करणाऱ्या गृहस्थांनी सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं. कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि १८ डिसेंबर १९९६ ला ११ सूचना दिल्या. आज आपण जे कागद मागतो त्यातले बरेचसे तिथून आलेत आणि आता कायद्यातच बसलेत.

पहिला कागद अटक मेमो, आपल्याकडे अटक पंचनामा किंवा अटक फॉर्म म्हणतात. त्यावर घरच्यांपैकी किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटक झालेल्याची पण. तुम्हाला सही करायला बोलावलं तर जा, पण वेळेचा रकाना आधी बघा. वेळ खोटी असेल तर सहीच्या शेजारी आपल्या हातानं लिहा "ह्यांना सकाळी ११ वाजता नेले आहे". लिहू देत नसतील तर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही, कुणी कितीही "फॉर्मॅलिटी आहे" म्हटलं तरी.

दुसरं, अटकेची कारणं. "तुझ्यावर ३२४ लावलाय" हे कारण नाही, ते कलम झालं, आणि तेसुद्धा जुन्या आयपीसीचं, म्हणजे दंडसंहितेचं. तू काय केलंस असं पोलिसांचं म्हणणं आहे ते लेखी द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये, वरळीच्या गाडीच्या अपघाताच्या, सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की कुठल्याही गुन्ह्यात कारणं लेखी द्यायची, माणसाला समजेल त्या भाषेत द्यायची, आणि लगेच देणं शक्यच नसेल तर निदान रिमांडसाठी (कोठडी मागायला) मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या दोन तास आधी तरी द्यायची. नाहीतर अटक बेकायदा ठरते. मराठी येणाऱ्या माणसाला मराठीत, बिहारहून आलेल्या कामगाराला हिंदीत. हे मागून घ्या.

तिसरं, डॉक्टरची तपासणी. अटकेनंतर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरकडे नेतात, बाई असेल तर बाई डॉक्टरनं किंवा तिच्या देखरेखीखाली. डॉक्टरला मार लागलेला सगळा दाखवायचा, शेजारी पोलीस उभा असला तरी. त्या रिपोर्टची कॉपी अटकेतल्या माणसाला किंवा तो सांगेल त्याला मिळते. आत्तेभावानं तिथे "पडलो" सांगितलं. भीतीनं. मी त्याला दोष देत नाही, पण डॉक्टरनं मग तसंच लिहिलं.

बाईच्या अटकेचे नियम जास्त कडक आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला पोलिसानं लेखी रिपोर्ट करून मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्यायची. ह्यामागे आपल्याच राज्याचा इतिहास आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडून दिलं आणि त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून कोर्टानं मुंबईतल्या कोठड्यांबद्दल हुकूम दिले, बायकांची कोठडी वेगळी, चौकशी महिला पोलिसासमोर. तेव्हा रात्री कुणी आईला, बहिणीला न्यायला आलं तर परवानगीचा कागद मागायला अजिबात कचरू नका.

वकील

चौकशी चालू असताना पसंतीच्या वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसून नाही, पण भेटता येतं. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर आहे, नाहीतर सरळ तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीच्या खोलीत जा. आणि हे लक्षात ठेवा, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळताना उत्पन्नाची अट नाही, उत्पन्नाचा दाखला आणा असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती जमाती, अपंग ह्यांनाही नाही. २६/११ च्या खटल्यातल्या २०१२ च्या निकालात सुद्धा सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की पहिल्यांदा हजर केल्यावर तुला वकील मिळू शकतो हे सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. कसाबच्या खटल्यात जर हे लागू, तर गाड्या घासल्यावरून झालेल्या मारामारीत आपल्या पोराला नक्कीच लागू.

आत काय बोलायचं ते पण पोराला आधीच माहीत असलेलं बरं. नाव, पत्ता खरा सांगायचा, तो लपवला तर नुकसान आपलंच. गुन्ह्याबद्दल स्वतःच्या विरुद्ध बोलायची सक्ती नाही, संविधानाच्या कलम २० चं तिसरं उपकलम. पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही करायची नसते, ते कायद्यातच आहे. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे "कबूल कर, सोडून देतो" ह्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही.

जामीन तिथेच मिळतो का ते विचारा

हे आमच्या हातून सुटलं आणि ते मला अजून सलतं. आत्तेभावावर लावलेला गुन्हा जामीनपात्र होता. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, साहेबांची मेहरबानी नाही, आणि तो ठाण्यातूनच देता येतो. आम्ही तो प्रश्नच विचारला नाही, आणि पोरगं रात्रभर आत राहिलं. म्हणून एफआयआरमधली कलमं कळली की वकिलाला किंवा १५१०० वर विचारा, जामीनपात्र की अजामीनपात्र. जामीनदार मिळत नसेल तर जात मुचलक्यावर (स्वतःच्याच लेखी हमीवर) सोडा म्हणून सांगता येतं, आणि आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर माणूस गरीब आहे असं धरून सोडायचं, असं कलम ४७८ मध्येच आहे.

मॅजिस्ट्रेटसमोर

रविवार असो, दिवाळी असो, सुट्टीचं रिमांड कोर्ट असतंच. "सोमवारी नेऊ" हे चालत नाही. घरच्यांनी कोर्टात हजर राहा आणि आत जायच्या आधी वकिलाला चार गोष्टी सांगून ठेवा: खरी वेळ, मारलं का, कारणं लेखी दिली का, घरी कुणी कळवलं का. मॅजिस्ट्रेट बहुतेक वेळा विचारतात "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का". ह्या प्रश्नाला पोरं मान हलवून नाही म्हणतात आणि मग ते "तक्रार नाही" असं लिहिलं जातं. बोलायचं तिथेच. आमच्या वकीलबाईंनी ११.०७ चा मेसेज दाखवला, मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वेळेबद्दल विचारलं आणि ऑर्डरमध्ये ते नोंदवलं, जामीन पण त्याच दुपारी झाला.

पोलीस कोठडी मिळाली तर ती एकूण १५ दिवसांच्या वर नाही, नव्या कायद्यात ती तुकड्यातुकड्यानं पण मागता येते. चार्जशीट ६० किंवा मोठ्या गुन्ह्यात ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क आपोआप तयार होतो, पण अर्ज करावा लागतो, तारीख मोजत राहा.

एक अपवाद सांगायलाच हवा. एमपीडीएसारख्या प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे पुढे काही करेल म्हणून आधीच डांबून ठेवायच्या कायद्याखाली उचललं असेल तर हा २४ तासांचा नियम लागत नाही, संविधानातच तशी सूट आहे. तिथे स्थानबद्धतेची कारणं मिळवून लवकरात लवकर लेखी निवेदन द्यायचं असतं, त्यासाठी पहिल्याच दिवशी वकील गाठा.

२४ तास उलटले आणि हजर केलंच नाही तर

त्या भागातल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, बेकायदा डांबलेल्या माणसाला शोधून आणायचा हुकूम ते कलम १०० खाली देऊ शकतात. हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर आणा असा अर्ज करता येतो, ही कोर्टं आहेत मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर. नंतर राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते, घटनेपासून एका वर्षाच्या आत.

आणि सीसीटीव्ही. २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले, दारं, लॉकअप, व्हरांडे सगळीकडे, आणि फुटेज १८ महिने, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष ठेवायला सांगितलं. माणूस किती वाजता आत आला ते त्यात असतं. पण मागितलं नाही तर मिळत नाही, म्हणून सुटून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज टाका. दोन प्रती काढा, एकीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या, घेत नसतील तर स्पीड पोस्टनं एसपी ऑफिसला पाठवून पावती जपा. मजकूर एवढाच पुरतो:

"माझा मुलगा (नाव) यास दिनांक ___ रोजी सकाळी ___ वाजता आपल्या ठाण्यात आणण्यात आले. त्या दिवशी सकाळी ___ ते दुसऱ्या दिवशी ___ पर्यंतचे प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष, व्हरांडा व लॉकअप येथील सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करून ठेवावे, नष्ट करू नये, ही विनंती. सदर चित्रीकरण मा. न्यायालयासमोर मागण्यात येणार आहे."